मोकळ्या शिवारातील घर आणि शाबितीचा भार

प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. इंग्लंडमधील लीड्स महानगर जिल्ह्यात, वस्तीबाहेरच्या मोकळ्या शिवारात नवे घर बांधण्यावर जे निर्बंध आहेत, त्यांचे स्वरूप कोणते, आधार कोणता आणि त्यांतील अपवाद कोणत्या तत्त्वावर उभे आहेत, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम चार संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत.

पहिली संज्ञा 'विकास'. १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या ५५ व्या कलमात तिचे दोन प्रकार सांगितले आहेत : (अ) जमिनीत, जमिनीवर, तिच्या वर किंवा तिच्या खाली केलेले बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम अथवा तत्सम कृती, आणि (आ) जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातील लक्षणीय बदल. यांपैकी काहीही करावयाचे तर परवानगी लागते. शेतीसाठी वा वनासाठी जमीन वापरणे मात्र विकास ठरत नाही. गव्हाचे शेत मोडून मेंढ्यांचे कुरण केले तर कोणाला विचारावे लागत नाही. पण त्याच शेताची एक पट्टी घराच्या कुंपणात घेतली, तिच्यावर हिरवळ लावली, मुलांचा झोपाळा उभा केला आणि कपडे वाळत घालायची दोरी बांधली, तर एक वीटही न रचता विकास घडलेला असतो.

दुसरी संज्ञा 'वस्ती'. तिची व्याख्या कायद्यात नाही. ती स्थानिक आराखड्यातून ठरते. लीड्स सिटी कौन्सिलने नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वीकारलेल्या मूळ धोरणात वस्त्यांची उतरंड लावली आहे : सर्वांत वर मुख्य नागरी क्षेत्र, मग ओटली, वेदरबी, गारफोर्थ, मॉर्ली, रॉथवेल यांसारख्या मोठ्या वस्त्या, मग लहान वस्त्या आणि शेवटी गावे. उतरंडीत जितके खाली जावे तितकी नव्या घरांची अपेक्षा कमी.

तिसरी संज्ञा 'मोकळे शिवार'. ही निषेधात्मक संज्ञा आहे. वस्तीची हद्द जेथे संपते तेथून पुढचे सर्व क्षेत्र तिच्यात येते. तेथे काय आहे यावर तिचा भर नाही, काय नाही यावर आहे.

चौथी संज्ञा 'हरितपट्टा'. मोठ्या नगराभोवतीची जी जमीन कायम मोकळी ठेवावयाची असे आराखड्यात ठरवून तिची सीमा नकाशावर रेखली जाते, ती जमीन म्हणजे हरितपट्टा. राष्ट्रीय नियोजन धोरणाने त्याची दोन लक्षणे सांगितली आहेत : मोकळेपणा आणि स्थायित्व. सौंदर्य हे त्याचे लक्षण नाही. विजेच्या मनोऱ्यांखालचे, चिखलाचे, कोणी ढुंकून न पाहणारे शेत हरितपट्ट्यात असू शकते आणि अत्यंत रमणीय दरी त्याच्या बाहेर असू शकते. या एका गोष्टीविषयी जितका गैरसमज आहे तितका या विषयात दुसऱ्या कशाविषयीही नसेल.

या चार संज्ञांवरून पहिले अनुमान निघते. शिवार आणि हरितपट्टा या दोन वेगळ्या कोटी आहेत. लीड्स जिल्हा सुमारे ५५२ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे २०२१ मध्ये तेवीस गावे सामावून घेतल्यानंतर पुणे महापालिका जेवढी झाली, साधारण तेवढा. पण पुण्यात गाव हद्दीत आले की त्याचे शिवार बिल्डरच्या नजरेत भरते. लीड्समध्ये १९७४ च्या पुनर्रचनेने ओटली, मॉर्ली, पड्सी, वेदरबी यांच्यासह आसपासचा ग्रामीण मुलूख एका कौन्सिलच्या हाताखाली आला, तरी त्या मुलखाचे शिवारपण गेले नाही. आजही जिल्ह्याच्या निम्म्याहून बराच अधिक भाग हरितपट्ट्यात आहे. ईशान्येला वेदरबीच्या पलीकडचा काही ग्रामीण भाग मात्र हरितपट्ट्याबाहेर राहिला आहे. त्यामुळे दोन्ही कोटी एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. शेतजमिनीवरील नियंत्रणाचे दोन विषय संभवतात : जमीन कोणाच्या हाती असावी, आणि जमिनीचे काय करावे. महाराष्ट्रातील विचार प्रामुख्याने पहिल्यापासून सुरू झाला. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने किती लहान तुकडा विकता येईल हे बांधून दिले. बिनशेतीचा प्रश्न महसुलाच्या अंगाने उभा राहिला. इंग्लंडमध्ये शेतजमीन कोणीही घ्यावी. लीड्समधला दंतवैद्य उद्या हेअरवूडजवळ चार एकर विकत घेऊ शकतो. त्याला कोणी सातबारा मागणार नाही, आजोबा शेती करत होते काय हेही विचारणार नाही. फक्त त्या चार एकरांत त्याला राहता येणार नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा दाखला मिळवण्यासाठी जी बुद्धी खर्च होते, ती तेथे घराचे कारण शोधण्यात खर्च होते.

घराचे कारण शोधावे लागणे, हेच या निर्बंधांचे मर्म आहे. त्यांना मनाई म्हणणे अचूक होणार नाही. नगरात घर बांधू दिले नाही तर नकार देणाऱ्याने अपाय दाखवावा लागतो. शिवारात घर बांधू इच्छिणाऱ्याने प्रयोजन दाखवावे लागते. शाबितीचा भार कोणावर, एवढेच वस्तीची हद्द ठरवते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राचा विस्तार आहे.

या सूत्राचा उगम पाहू. दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारगाडी आणि स्वस्त जमीन यांमुळे इंग्लंडमध्ये हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी घरांच्या लांबच लांब रांगा पसरत गेल्या. १९३५ च्या कायद्याने रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांपर्यंतच्या अशा बांधकामावर बंधन घातले. पण हा उपाय रस्त्यापुरता होता. १९४२ मध्ये न्यायमूर्ती स्कॉट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण जमिनीच्या वापरावर अहवाल दिला. शेतजमीन दुसऱ्या कामासाठी घ्यावयाची असेल तर ते राष्ट्रहिताचे आहे हे घेणाऱ्याने सिद्ध करावे, असा बहुमताचा निष्कर्ष होता. समितीतील अर्थशास्त्रज्ञ डेनिसन यांनी भिन्न मत नोंदवले : शेतीला असा अग्रहक्क का द्यावा? प्रत्येक वेळी लाभहानी तोलून पाहावी. आज ऐंशी वर्षांनंतरही या विषयावरचे बहुतेक सर्व वाद या दोन भूमिकांच्या बाहेर फारसे जात नाहीत.

१९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा १ जुलै १९४८ पासून अमलात आला आणि बहुमताची भूमिका व्यवस्थेत उतरली. त्याने जमीन मालकाकडे ठेवली, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला. या हक्काच्या मोबदल्यासाठी ३० कोटी पौंडांचा निधी ठेवण्यात आला आणि परवानगीमुळे जमिनीचे जे मूल्य वाढेल त्यावर शंभर टक्के आकार लावण्यात आला. तर्कदृष्ट्या ही रचना पूर्ण होती : निर्बंध समाजाचा, म्हणून निर्बंध उठल्याचा लाभही समाजाचा. परंतु १९५३ मध्ये हा आकार रद्द झाला, निर्बंध मात्र राहिला. परिणामी परवानगी हीच एक मौल्यवान वस्तू बनली. कुंपणाच्या अलीकडची जमीन पलीकडच्या जमिनीच्या अनेक पटींनी महाग असण्याचे कारण मातीत नसून परवानगीच्या कागदात असते. माझ्या मते या व्यवस्थेतील बहुतेक विकृतींचे मूळ १९५३ च्या या अर्धवट माघारीत आहे. निर्बंधाच्या तत्त्वात ते शोधणे चुकीचे ठरेल.

हरितपट्ट्याचे सार्वत्रिक धोरण १९५५ मध्ये मंत्री डंकन सँडिस यांच्या परिपत्रकाने आले. आज त्याची पाच प्रयोजने मानली जातात : (१) मोठ्या नगरांचा अनिर्बंध फैलाव रोखणे, (२) शेजारची नगरे एकमेकांत मिसळू न देणे, (३) ग्रामप्रदेशावरील अतिक्रमण थांबवणे, (४) ऐतिहासिक नगरांचा परिसर जपणे, (५) पडीक नागरी जमिनीच्या पुनर्वापराला चालना देणे. लीड्समध्ये दुसरे प्रयोजन नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. पश्चिमेस पड्सी आणि कॅल्व्हर्ली यांच्या आसपासची शेते नसती तर लीड्स आणि ब्रॅडफर्ड यांचे एकच नगर झाले असते. दक्षिणेस रॉथवेल, कार्लटन, लॉफ्टहाउस या पट्ट्यात लीड्स आणि वेकफील्ड यांच्यामधले अंतर फारच थोडे उरले आहे. पाचवे प्रयोजन होल्बेक आणि हन्स्लेट येथे दिसते : कारखाने उठून गेल्यावर रिकाम्या झालेल्या जमिनीकडे बांधणाऱ्याला वळवावयाचे तर शिवाराचा सोपा रस्ता बंद असला पाहिजे.

मोकळेपणा कसा मोजावा, हा प्रश्न लीड्सच्या अगदी वेशीवर सुटला. टॅडकॅस्टरजवळची जॅकडॉ क्रॅग ही चुनखडीची खाण सुमारे सहा हेक्टरांनी वाढवावयाची होती. सॅम्युअल स्मिथ या जुन्या मद्यनिर्मिती कंपनीने त्यास हरकत घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मोकळेपणा ही नागरी फैलावाच्या उलट बाजूची व्यापक कल्पना आहे. तो डोळ्यांना दिसण्यावर किती अवलंबून मानावयाचा हा नियोजकाच्या विवेकाचा भाग आहे, कायद्याचा नव्हे. यावरून उपसिद्धान्त निघतो : झाडांच्या दाट रांगेमागे लपवलेले, कोठूनही न दिसणारे घरसुद्धा मोकळेपणा हिरावू शकते. 'कोणाला दिसतच नाही, मग बिघडले कोठे' हा अर्जदारांचा आवडता युक्तिवाद त्यामुळे पुरेसा ठरत नाही.

आता अपवादांचा विचार. शिवारातील एकाकी घर टाळावे, असा राष्ट्रीय धोरणाचा सामान्य नियम आहे. 'एकाकी' याचा अर्थ २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ब्रेनट्रीच्या खटल्यात निश्चित केला : वस्तीपासून प्रत्यक्ष अंतराने वेगळे असलेले घर. दुकान, शाळा, बस दूर आहेत म्हणून घर एकाकी ठरत नाही. या नियमाला पाच अपवाद आहेत. वारसा वास्तू टिकवण्यासाठी तिचा निवासी वापर, पडीक इमारतीचा परिसर सुधारणारा पुनर्वापर आणि असलेल्या घराची विभागणी, या तिन्हींत नवी इमारत उभी राहत नसल्याने त्यांचे तत्त्व उघड आहे. चौथा अपवाद अत्युच्च वास्तुकलेचा. त्याची सुरुवात १९९७ मध्ये मंत्री जॉन गमर यांच्या काळात झाली. सरदारांच्या ग्रामीण वाड्यांची परंपरा चालू राहावी असा त्यामागे हेतू होता. गरिबाला गरज सिद्ध करावी लागते आणि श्रीमंताला अभिरुची, अशी टीका यावर होऊ शकते, आणि ती अन्यायाची नाही.

पाचवा अपवाद सर्वांत जुना आणि सर्वांत तर्कशुद्ध आहे : शेतावर काम करणाऱ्याला तेथेच राहणे अत्यावश्यक असणे. याची तपासणी टप्प्याटप्प्याने होते. प्रथम गरज कामाची आहे की माणसाच्या सोयीची, हे पाहिले जाते. नुसते धान्य पिकवणाऱ्याला रात्री शेतावर असण्याचे कारण नाही. दीडशे गाभण मेंढ्या असतील तर मात्र विण्याच्या हंगामात रात्री दोन वाजता अडलेल्या मेंढीचे कोकरू फिरवून बाहेर काढावे लागते. घर तिचा आवाज ऐकू येईल इतक्या टप्प्यात असले पाहिजे. नंतर पाहिले जाते की ही गरज बारमाही आहे काय, कारण सहा आठवड्यांच्या हंगामासाठी कायमचे घर मिळत नाही. मग जवळच्या गावातले उपलब्ध घर किंवा शेतावरचीच जुनी इमारत पुरेल काय, हे विचारले जाते. आणि शेवटी व्यवसाय टिकणारा आहे काय, हे हिशेबाच्या वह्यांवरून पाहिले जाते. नव्या व्यवसायाला बहुधा प्रथम तीन वर्षे फिरत्या घराची तात्पुरती परवानगी मिळते. फिरते घर कायद्याने इमारत नव्हे, जमिनीचा वापर होय. व्यवसाय बुडाला तर ते ओढून नेता येते. तीन वर्षे तगल्यावर पक्क्या घराचा विचार होतो, आणि त्यालाही अट चिकटते : त्या परिसरात शेती वा वनकाम करणारा, किंवा ज्याचे शेवटचे काम तेच होते असा माणूस, त्याची विधवा वा विधुर आणि अवलंबून असलेले कुटुंबीय, यांनीच तेथे राहावे. मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा सारा खटाटोप विचित्र वाटेल. परंतु त्याच्या वस्तीचे कारणही बहुधा हेच असते : गोठा, विहीर आणि राखण. फरक इतकाच की त्याला ते कधी कागदावर सिद्ध करावे लागले नाही.

हरितपट्ट्यात याच्यावर दुसरे दार असते. तेथे नवे घर सामान्यतः 'अनुचित विकास' होय. 'अतिविशेष परिस्थिती' दाखवली तरच ते संमत होते, आणि अपायापेक्षा इतर बाबींचे पारडे स्पष्टपणे जड असल्याशिवाय अशी परिस्थिती मानली जात नाही. गावातल्या दोन घरांमधली मोकळी जागा मर्यादित प्रमाणात भरणे, जुने घर पाडून फारसे मोठे नसलेले दुसरे बांधणे, स्थानिकांसाठी मोजकी परवडणारी घरे, असे काही प्रकार आरंभीच अनुचिततेतून वगळले आहेत. अर्ज नाकारला गेला तर सहा महिन्यांच्या आत ब्रिस्टल येथील नियोजन निरीक्षणालयाकडे अपील करता येते.

शाबितीचा भार केवळ नागरिकावर असता तर ही व्यवस्था एकांगी ठरली असती. तो शासनसंस्थेवरही असतो, आणि याचे लीड्सइतके स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. हरितपट्ट्याची सीमा बदलण्याचा अधिकार कौन्सिललाच आहे. पण त्यासाठी 'अपवादात्मक परिस्थिती' दाखवावी लागते. २०१४ च्या धोरणात २०१२ ते २०२८ या काळासाठी ७०,००० घरांचे लक्ष्य होते. एवढी घरे जुन्या नागरी जमिनीत मावणार नाहीत, म्हणून हरितपट्ट्यातील जागा मोकळ्या कराव्यात, असा स्थळनिश्चिती आराखड्याचा तर्क होता. हा आराखडा जुलै २०१९ मध्ये स्वीकारला गेला. तोपर्यंत कौन्सिलने स्वतःच गरजेचा आकडा उतरवायला घेतला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये २०१७ ते २०३३ साठी ५१,९५२ घरे असे सुधारित लक्ष्य ठरले. गाइझली, येडन आणि रॉडन यांचा समावेश असलेल्या एअरबरो भागातील नागरिकांच्या नियोजन मंचाने उच्च न्यायालयात नेमका प्रश्न विचारला : मूळ आकडा घटला, तर त्यावर उभा असलेला निष्कर्ष तसाच कसा राहिला? जून २०२० मध्ये न्यायमूर्ती लीव्हन यांनी आराखडा तपासणाऱ्या निरीक्षकांनी दिलेली कारणे अपुरी ठरवली आणि वस्तुस्थितीविषयीची एक चूकही दाखवून दिली. हरितपट्ट्यातील ३७ स्थळे पुनर्तपासणीसाठी परत गेली, आणि त्यांतील जवळजवळ सर्व अखेर हरितपट्ट्यातच राहिली. घरे नकोत असे न्यायालय म्हणाले नाही. कारण सांगा, एवढेच ते म्हणाले.

हा भार उलटवण्याचे दोन प्रयत्न गेल्या काही वर्षांत झाले. पहिला २०१४ मधला : शेतावरच्या गोदामाचे घर करण्यास पूर्ण परवानगी लागू नये, केवळ मर्यादित मुद्द्यांवर पूर्वसंमती घ्यावी. ही सवलत हरितपट्ट्यातही चालते. मे २०२४ पासून तिची मर्यादा एका शेतावर दहा घरे, प्रत्येकी १५० आणि एकूण १,००० चौरस मीटर, अशी झाली. येथे उघड विसंगती आहे : जेथे नवे घर नाकारले जाते, तेथेच पत्र्याचे गोदाम घर बनू शकते. आधी गोदाम बांधावे आणि मग त्याचे घर करावे, ही युक्ती कायद्याने अटी घालून अडवली आहे. आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटले की तीन बाजूंनी उघड्या सांगाड्याला भिंती घालणे हे रूपांतर नसून नवे बांधकाम होय. कार्लटनकडच्या रुबार्बच्या शेड ठेंगण्या आणि अंधाऱ्या असतात, कारण ती भाजी अंधारातच वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. अशा शेडचे घर करावयाचे तर प्रथम तिचे शेडपणच काढून टाकावे लागेल. केवळ लपवून काळ काढण्याचा मार्गही बंद होत आला आहे. हर्टफर्डशायरमध्ये एकाने बाहेरून गवताचे कोठार आणि आतून संपूर्ण घर बांधले होते. त्याला कपटाचा लाभ मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये बेकायदा घरावर कारवाईची मुदत चार वर्षांवरून दहा वर्षे झाली.

दुसरा प्रयत्न अधिक मूलगामी आहे. डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय धोरणाने 'ग्रे बेल्ट' ही नवी कोटी निर्माण केली : हरितपट्ट्यातील पूर्वी बांधकाम झालेली किंवा इतर जमीन, मात्र पहिल्या, दुसऱ्या वा चौथ्या यांपैकी कोणत्याही प्रयोजनाला विशेष हातभार न लावणारी. अशा जमिनीवर घरांची गरज सिद्ध असेल, जागा सोयीची असेल आणि परवडणारी घरे, सुविधा व मोकळ्या जागा यांच्या अटी पाळल्या असतील, तर विकास अनुचित मानला जात नाही. परवडणाऱ्या घरांचे प्रमाण नेहमीच्या स्थानिक अटीहून पंधरा टक्क्यांनी अधिक, पण एकूण पन्नास टक्क्यांपर्यंत ठेवले आहे. १९५३ मध्ये सोडून दिलेल्या मूल्यवाढीचा काही अंश समाजाकडे परत आणण्याचा हा आडवळणाचा मार्ग म्हणता येईल. परंतु लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. या व्याख्येतून तिसरे प्रयोजन, म्हणजे ग्रामप्रदेशावरील अतिक्रमण रोखणे, वगळले आहे. फेब्रुवारी २०२५ च्या मार्गदर्शनात हेही स्पष्ट केले की पहिली दोन प्रयोजने नगरांविषयी आहेत, गावांविषयी नाहीत.

लीड्सवर याचा परिणाम असमान होईल. पड्सीच्या पश्चिमेची शेते दोन नगरांच्या मध्ये आहेत. त्यांचा बचाव पूर्वीइतकाच भक्कम आहे. ईशान्येकडे बार्डसी आणि ईस्ट केझिक ही दोन गावे आहेत. त्यांच्यामधल्या कुरणाने लीड्सचा फैलाव थेट अडवलेला नाही, दोन नगरांना वेगळे ठेवलेले नाही, आणि जपण्यासारखे ऐतिहासिक नगरही तेथे नाही. ते केवळ शिवार आहे. तेथे एकटे घर मागणाऱ्याला अजूनही मेंढ्या मोजून दाखवाव्या लागतील. पन्नास घरांची योजना आणणाऱ्याचा मार्ग मात्र, जागा सोयीची आहे हे त्याला दाखवता आले तर, पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे.